पूर्णेपासून पूर्णेपर्यंत : चिखलदरा-मेळघाट सहलीचा पाठ



जाफराबाद-भोकरदन भागातून चिखलदऱ्याला सहल न्यायची म्हटली की पालकसभेत पहिला प्रश्न ठरलेला असतो, "सर, वाघ दिसेल का?" पहिल्या वर्षी मीही उत्साहाच्या भरात "दिसेल की!" म्हणून बसलो. वाघ काही दिसला नाही. परतीच्या एस.टी.त मुलं हिरमुसली होती आणि नंतर निबंधाच्या वहीत एकानं एकच ओळ लिहिली, 'आम्ही जंगलात गेलो, काहीच दिसले नाही.' चूक त्याची नव्हती. बघायचं काय, हे मी शिकवलंच नव्हतं.

तेव्हापासून सहलीचा पाठ मी आठ दिवस आधी वर्गातच सुरू करतो, आणि तोही वाघापासून नाही, नदीपासून. आपल्या मुलांना पूर्णा माहीत असते. कन्नडकडच्या अजिंठा डोंगरात उगवते, आपल्या तालुक्यांतून वाहते आणि पुढे गोदावरीला मिळते. मग मी विचारतो, "मेळघाटाच्या पायथ्याशीही एक पूर्णा आहे. ती हीच का?" वर्गात हमखास दोन तट पडतात! ती पूर्णा वेगळी. सातपुड्यातून येते, अमरावती-अकोला-बुलडाण्यातून जाते आणि चांगदेवजवळ तापीला मिळते. म्हणजे आपल्या पूर्णेचं पाणी बंगालच्या उपसागरात आणि तिकडच्या पूर्णेचं अरबी समुद्रात. नाव एक, वाटा उलट. मध्ये आहे तो अजिंठ्याचा डोंगर. जलविभाजक हा शब्द पाठ करून घ्यायची गरजच उरत नाही.

आता रस्ता. चिखली सोडून बुलडाण्याकडे जाताना येळगावचं धरण लागतं, ते पैनगंगेवर आहे. ही नदी बुलडाण्याजवळच उगम पावते. पुढे बोथ्याच्या घाटातून खामगावकडे उतरताना ज्ञानगंगा अभयारण्य लागतं. इथे एक गोष्ट जरूर सांगा. २०१९ साली यवतमाळच्या टिपेश्वर अभयारण्यातला रेडिओ कॉलर लावलेला एक तरुण वाघ शेतं, नाले, रस्ते ओलांडत तेराशेहून अधिक किलोमीटर चालून या ज्ञानगंगेत पोचला होता. मुलं लगेच खिडकीकडे सरकतात. वाघ दिसावा म्हणून नाही, तो ज्या रानातून गेला असेल ते रान बघायला.

अकोल्याहून अकोटकडे जाताना गांधीग्रामला दुसरी पूर्णा भेटते. पुलाच्या अलीकडे-पलीकडे सगळा खारपाणपट्टा, म्हणजे जमिनीखालचं पाणी खारं. आपल्याकडे विहिरीला पाणी नाही ही तक्रार, इथे पाणी असून पिता येत नाही. शेतकऱ्यांच्या मुलांना हे समजावून सांगावं लागत नाही.

परतवाड्याहून घाट चढून चिखलदरा. विदर्भातलं हे एकमेव थंड हवेचं ठिकाण, उंची सुमारे ११०० मीटर. भीमकुंड, गाविलगड, कॉफीची झाडं हे सगळे दाखवतातच, त्यावर मी जास्त लिहीत नाही. मला महत्त्वाचा वाटतो तो तापमापक. जालना साधारण ५०० मीटरवर आहे. हजार मीटर चढलं की तापमान सुमारे साडेसहा अंशांनी उतरतं, तर इथे किती उतरायला हवं? उत्तर चारच्या आसपास येतं. खरं सांगू का, प्रत्येक वर्गात चार-पाच मुलं तरी पैशांअभावी सहलीला येत नाहीत आणि आपण त्यांचा विषय टाळतो. मी त्यांच्याकडे शाळेत दुसरा तापमापक देऊन जातो. दुपारी बरोबर २ वाजता दोन्हीकडे सावलीत नोंद घ्यायची आणि फोनवर जुळवायची. फरक दरवेळी चारच येतो असं नाही. का नाही आला, यावर परतल्यावर एक तास सहज जातो. त्या तासाला घरी राहिलेली मुलंही तावातावानं बोलतात.

जंगलात गेल्यावर गाडीतून दहा मिनिटं कोणीही बोलायचं नाही, फक्त ऐकायचं. नंतर झाडाच्या सालीवरचे ओरखडे, अस्वलानं उकरलेलं वारूळ, धुळीतले ठसे. सिपना नदीच्या नावाचा अर्थ विचारा : कोरकू भाषेत सिपना म्हणजे सागवान. कोरकू ही मराठीच्या कुळातली भाषा नाही, मुंडा कुळातली आहे, हेही सांगा. नाहीतर मुलं तिथल्या माणसांनाही 'बघायची वस्तू' समजतात.

आणि 'काहीच दिसले नाही' म्हणणाऱ्यासाठी रानपिंगळा आहेच. हे छोटं घुबड १८८४ नंतर कुणाला दिसलं नाही म्हणून नामशेष समजलं गेलं. ११३ वर्षांनी, १९९७ मध्ये, सातपुड्याच्या रांगेतच शहाद्याजवळ ते पुन्हा सापडलं. मेळघाटातही ते आहे. इतकी वर्षं ते रानातच होतं, बघणाऱ्याला दिसत नव्हतं एवढंच.

मेळघाटचा खर्च झेपणार नसेल तर गौताळा अभयारण्य करा. डोंगर तोच अजिंठ्याचा, पूर्णेच्या उगमाकडचा, आणि भोकरदनहून पहाटे निघालं तर रात्री घरी येता येतं. २०२१ मध्ये टिपेश्वरचाच आणखी एक वाघ तिथवर चालत आला होता. पालकांनी "वाघ दिसेल का?" विचारलं, तर मी आता म्हणतो, "सांगता येत नाही. पण तापमापक आणि वही नक्की पाठवा."