सेंट कोणता घ्यावा

सांगली

चि. सुजय,

काल ताईचा, तुझ्या आईचा, फोन होता. तुझ्या शर्टांना हल्ली सेंटचा भपकारा येतो आणि त्याच्याखाली सिगारेटचा, असं तिचं म्हणणं. त्यातच तू मला विचारलंस, स्पाइसबॉम्ब घेऊ की तेर द'एर्मेस? सिगारेटचा आणि या सेंटचा संबंध आहे की नाही ते तुला ठाऊक. पण तंबाखूनं अप्पांचं काय केलं ते तू पाहिलं आहेस, म्हणून लिहायला बसले.

आधी सेंटचं. दोन्ही उष्ण, मसालेदार, लाकडी वासाचे. पण चाल वेगळी. 2012 सालच्या स्पाइसबॉम्बची बाटलीच हातबॉम्बच्या आकाराची. आत दालचिनी, केशर, मिरची, तळाशी तंबाखू आणि चामडं. 2006 सालचा तेर संत्र्यानं सुरू होतो, मग मिरी लागते आणि शेवटी सीडरचं लाकूड नि वाळा उरतो. दुकानातल्या कागदी पट्टीवर कळतात ते लवकर उडून जाणारे वास. दिवसभर सोबत राहणारे मागून येतात, म्हणून एकेका दिवशी एकेक मनगटावर लावून संध्याकाळपर्यंत वावर. दालचिनीनं काहींच्या कातडीला पुरळ उठतं, तेही कळेल. उष्ण अंगावर वास जास्त उसळतो. मुंबईच्या दमट दुपारी, लोकलच्या गर्दीत स्पाइसबॉम्बचा गोडवा जड होईल. ऑफिससाठी माझं मत तेरला.

तू म्हणशील, मी माझ्यासाठी लावतो, लोकांचं काय? पण एकच वास सतत येत राहिला की नाक त्याची दखल घेणं सोडतं. सकाळी मारलेला सेंट तुझ्यापुरता लवकरच संपतो. पुढचा सगळा दिवस तो शेजाऱ्यांच्या वाट्याला. उडाला असं समजून माणूस पुन्हा मारतो, आणि भपकारा होतो तो असा. सिगारेटचंही तसंच. ओढणाऱ्याला आपल्या कपड्यांचा वास येत नाही, आईला दारातच येतो. सेंटनं धुराचा वास झाकला जात नाही, दोन्ही वास एकात एक मिसळतात एवढंच. शर्टाचा तो तंबाखूचा वास स्पाइसबॉम्बच्या नमुन्याचा होता, असंही म्हणशील. असेलही. पण सेंटमधला तंबाखू सुक्या पानाचा, गोडसर असतो, जळका नसतो. ताईला त्यातला फरक कळतो. अप्पांचे सदरे इतकी वर्षं तिनंच धुतलेत.

रागावले असं समजू नकोस. परक्या शहरात एकट्यानं राहायचं, उशिरापर्यंत काम. चार मित्रांबरोबर हातात सिगारेट कशी येते ते न कळण्याइतकी मी म्हातारी झालेली नाही. तुझ्या वयात आम्हालाही कुणी विचारलेलं खपत नसे. खरं असेल तर मला सांग. ताईला मी सांभाळून घेईन, आणि सोडायची ठरवलीस तर डॉक्टरांकडे तुझ्याबरोबर येईन. सेंट मात्र तुला आवडेल तोच घे. स्पाइसबॉम्बवरच मन बसलं असेल तर पैसे मी पाठवते. तंबाखू तेवढा बाटलीतलाच असू दे. आणि जेवणाची आबाळ करू नकोस रे.

तुझी,
मावशी