गुडघ्यावर हात, दुखणं खुब्यात

अगं, फोनवर तू सहज बोलून गेलीस, "पोट्टा कालपासून लंगडते, बांधावर घसरला असन." असेलही. रोवणीचे दिवस, सगळं घर बांधीत, पोरं चिखलात. पण लेकरू लंगडलं की आपण आधी पडल्याची गोष्ट रचतो आणि डॉक्टरांनाही तीच सांगतो. मीही सांगितली होती.

माझा थोरला 5 वर्षांचा असताना असाच लंगडत उठला. गुडघ्यावर हात ठेवून रडायचा, म्हणून मी तीन दिवस गुडघाच चोळला. दुखणं होतं खुब्यात! दोन्हीकडे जाणाऱ्या नसा एकच, त्यामुळे खुब्याची कळ गुडघ्यात जाणवते. नशीब, सर्दीतापानंतर सांध्याला आलेली तात्पुरती सूज निघाली, विश्रांतीनं गेली. या वयात ती बरीच दिसते. मात्र हे निदान बाकीचं तपासून झाल्यावर डॉक्टरांनी करायचं, आपण नाही.

तू आता एवढं कर. चड्डी वर खोचून त्याला अनवाणी अंगणात चालव. पुढून बघ, मागून बघ. तळव्यात बाभळीचा काटा आहे का, बोटांत चिखल्या झाल्यात का? दाबून पाहशील ते चांगल्या पायापासून. दुखऱ्या पायाला आधी हात लावलास तर तो पुन्हा जवळ येणार नाही. खुबा फिरवून बघणं डॉक्टरांवर सोड. आणि तेल-मालिश बंद, बापा!

ताप आहे, पाय टेकवतच नाही, चड्डी बदलतानाही किंचाळतो, असं असेल तर सकाळची वाट बघू नकोस. सांध्यात पू झाला असेल तर सांधा कायमचा बिघडायला फार वेळ लागत नाही.

आणखी एक, खास आपल्याकडचं. तुझ्या दिराचा सिकलसेलचा रिपोर्ट 'एएस', म्हणजे वाहक, आला होता ना? जावयांनी तपासलं का? तुझा गरोदरपणातला कागद शोध. या आजारात रक्तपेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि हाड दुखतं. खुब्याचा गोळा रक्ताविना हळूहळू खचूही शकतो. पावसात भिजणं, पाणी कमी पिणं, ताप, एवढ्यानं कळा उठतात, आणि रोवणीत हे सगळं एकदमच होतं. नुसत्या 'एएस' वाहकाला सहसा त्रास नसतो, तेव्हा लंगडण्याचं खापर नुसत्या 'एएस'वर फोडू नकोस. पण आईबाप दोघंही वाहक असले तर प्रत्येक बाळाला 4 पैकी 1 धोका. 2023च्या जुलैपासून केंद्राची मोहीमही आहे. प्राथमिक आरोग्य केंद्रात बोटाच्या थेंबभर रक्तावर पहिली चाचणी होते. ती पॉझिटिव्ह आली तर पुढची पक्की तपासणी करायचीच.

तुझ्या नणंदेची चिमणी चालायला लागल्यापासून बदकासारखी डुलते म्हणालीस. दुखत नाही म्हणून सोडू नका. खुबा जन्मापासून निसटलेला असला तर असंच होतं, आणि जितका उशीर तितकी शस्त्रक्रिया मोठी. अंगणवाडीत मुलं तपासायला गाडी येते, त्या डॉक्टरांना दाखवायला सांग.

आणि हो, तुझा पोट्टा सकाळी उठल्याउठल्या लंगडतो की खेळून दमल्यावर, ते बघ. मोबाइलवर चालतानाचं शूटिंग करून ठेव. दवाखान्याच्या दारात ही पोट्टी हमखास सरळ चालतात.