निसर्गनोंदींचे मासिक काढताना

तुमच्यापैकी कितीतरी जणांना फुलपाखरांचा, पक्ष्यांचा, कोळ्यांचा किंवा रानफुलांचा नाद असेल. कोणाच्या वहीत पावसाळ्यातील भूछत्रांची चित्रे असतील, कोणी गच्चीवरून शेजारच्या झाडातील घरट्यावर महिनाभर पाळत ठेवली असेल. पुढे वर्ग बदलतो, ती वही कपाटात जाते आणि एक दिवस रद्दीत. शेजारच्या गावात नेमका तोच नाद असलेली दुसरी मुले असतात, पण यांना त्यांचा पत्ता नसतो आणि त्यांना यांचा.

अशा हौशी मंडळींनी मिळून एक लहानसे मासिक काढले तर? त्यात पगारी माणूस एकही नसेल, कचेरी नसेल; थोडा कागद आणि दोन-तीन जणांची चिकाटी एवढेच भांडवल. हे जमण्यासारखे आहे. मात्र ते कशासाठी काढायचे हे आधी नीट ठरवले पाहिजे. शाळेत असताना आम्ही काढलेले असे हस्तलिखित दुसऱ्याच अंकाला थांबले होते. पहिला अंक कविता, विनोद आणि 'मोर : आपला राष्ट्रीय पक्षी' अशा निबंधांनी भरला, दुसऱ्यासाठी काही उरलेच नाही. मोरावरचा निबंध एकदाच लिहिता येतो. आज सकाळी काय पाहिले, हे मात्र रोज लिहिता येते.

आठ गृहस्थ आणि एक दुकान

१५ सप्टेंबर १८८३ रोजी निसर्गाची आवड असलेल्या आठ गृहस्थांनी मुंबईत बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी स्थापन केली. त्यांत सहा युरोपीय होते आणि दोन आपल्याकडचे डॉक्टर. त्यांपैकी डॉ. आत्माराम पांडुरंग हे प्रार्थना समाजाच्या संस्थापकांपैकी, तर डॉ. सखाराम अर्जुन हे वनस्पतींचे जाणकार. एडवर्ड हॅमिल्टन एटकेन हे सरकारच्या जकात व मीठ खात्यात नोकरीस होते. त्यांनी आरंभी ठरवले ते इतकेच, की ठराविक काळाने जमावे, आपण काय पाहिले ते एकमेकांना सांगावे आणि मिळालेले नमुने दाखवावेत. पुढच्याच वर्षी फिप्सन नावाच्या मद्यविक्रेत्याने आपल्या फोर्ब्स स्ट्रीटवरील दुकानात या मंडळींना एक खोली दिली.

आता तारखांकडे लक्ष द्या. संस्था निघाली सप्टेंबर १८८३ मध्ये आणि तिचे नियतकालिक निघाले जानेवारी १८८६ मध्ये. मधली सव्वादोन वर्षे ही माणसे नुसती जमत होती, बोलत होती, एकमेकांच्या चुका काढत होती. एटकेन आणि स्टर्नडेल यांनी पहिला अंक संपादित केला, तेव्हा लिहिणारे आणि वाचणारे दोन्ही तयार होते. डॉ. सखाराम अर्जुन मात्र १८८५ मध्येच वारले. तो अंक त्यांना पाहावयास मिळाला नाही. ते नियतकालिक आजही प्रसिद्ध होते.

दुसरे उदाहरण अधिक जवळचे आहे. झफर फतेहअली यांनी १९६० मध्ये पक्षिनिरीक्षकांसाठी 'न्यूजलेटर फॉर बर्डवॉचर्स' हे छोटे इंग्रजी पत्रक सुरू केले. आरंभी ते सायक्लोस्टाईल करीत. म्हणजे मेणकागदावर टंकलेखन करून त्यातून शाई झिरपवून प्रती काढीत. दिसायला अगदी साधे, वाचक थोडे. पण देशाच्या कोपऱ्याकोपऱ्यांतून पक्षी पाहणारे लोक त्यात चार-चार ओळी लिहीत राहिले आणि फतेहअली २००३ पर्यंत त्याचे संपादन करीत राहिले. त्रेचाळीस वर्षे! छपाई सुबक नाही म्हणून मासिक अडते, असे म्हणणाऱ्यांना हे उदाहरण जरूर सांगा.

खोटी चिठ्ठी

आता या साऱ्यातील सर्वांत महत्त्वाची गोष्ट पाहू. निसर्गाच्या मासिकातील प्रत्येक नोंदीला तारीख, ठिकाण आणि पाहणाऱ्याचे नाव हवे. हे वाचताना तुम्हाला परीक्षेतील सूचनेसारखे रुक्ष वाटेल. म्हणून रानपिंगळ्याची हकीकत सांगतो.

रानपिंगळा हे आपल्या मध्य भारतातील जंगलांत राहणारे एक लहान घुबड. १८७३ मध्ये त्याचे शास्त्रीय वर्णन झाले. १८८० नंतरच्या काही वर्षांत जेम्स डेव्हिडसन नावाच्या मुलकी अधिकाऱ्याने खानदेशातून त्याचे काही नमुने मिळवले. त्यानंतर हा पक्षी जणू नाहीसाच झाला. संग्रहालयात त्याचा आणखी एक नमुना होता. त्याच्या पायाला बांधलेल्या चिठ्ठीवर लिहिले होते, की तो १९१४ मध्ये गुजरातेत तापीकाठी मांडवी येथे मिळाला. चिठ्ठी होती कर्नल रिचर्ड माइनर्ट्‌झहागेन यांची; पक्षितज्ज्ञ म्हणून त्यांचा मोठा दबदबा होता. साहजिकच रानपिंगळ्याची शेवटची नोंद १९१४ ची, मांडवीची, असे पुस्तकांतून छापले जाऊ लागले आणि शोध घेणारे त्या दिशेला पाहू लागले.

पुढे पामेला रासमुसेन या अमेरिकन संशोधिकेने त्या नमुन्याची बारकाईने तपासणी केली. पक्ष्याचे कातडे सोलून ते भरण्याची प्रत्येकाची एक ढब असते, जशी शिंप्याची टाक्यांची असते. हा नमुना मुळात भरला होता डेव्हिडसनने! कर्नलसाहेबांनी तो लंडनच्या संग्रहालयातून चोरला, पुन्हा शिवला आणि त्यावर स्वतःची चिठ्ठी बांधली. १९१४ सालची मांडवी अशी बाद झाली. खरी ठिकाणे उरली ती जुनीच, आणि त्यांत खानदेश होता. नोव्हेंबर १९९७ मध्ये रासमुसेन आणि त्यांचे दोन सहकारी शहाद्याजवळ सातपुड्याच्या पायथ्याशी पोहोचले आणि त्यांना रानपिंगळा जिवंत, झाडावर बसलेला दिसला. शेवटच्या खऱ्या नमुन्यानंतर एकशे तेरा वर्षांनी.

डेव्हिडसन आणि माइनर्ट्‌झहागेन, दोघेही हौशी. पोटापाण्याचा धंदा दोघांचाही वेगळा. एकाची चार शब्दांची खरी चिठ्ठी शंभर वर्षांनंतर वाट दाखवू शकली. दुसऱ्याच्या चिठ्ठीने वाट चुकवली. तुमच्या आठ पानी अंकातही दर वेळी दहा-बारा अशा चिठ्ठ्या छापल्या जाणार आहेत.

संपादकाने काय विचारावे?

मुद्दाम खोटे लिहिणारे फार थोडे असतात. खरी अडचण येते ती प्रामाणिक चुकीची. समजा, तुमच्याकडे एक नोंद आली : 'आमच्या परसातील कढीपत्त्यावर कॉमन रोझ फुलपाखराने अंडी घातली.' लिहिणारी मुलगी हुशार आहे, फुलपाखरू तिने स्वतः पाहिले आहे. काळे पंख, मागच्या पंखांवर पांढरे व तांबडे ठिपके, खाली शेपट्या. सारे पुस्तकातील चित्राबरहुकूम. छापायचे का?

थांबा. कॉमन रोझच्या अळ्या ईश्वरीसारख्या ॲरिस्टोलोकिया कुळातील वेलींची पाने खातात आणि तिच्या शरीरात त्या वेलींतील विषारी द्रव्ये साठतात. म्हणून पक्षी तिच्या वाटेला जात नाहीत. कढीपत्त्यावर अंडी घालते ती कॉमन मॉर्मन. या जातीच्या काही माद्या हुबेहूब कॉमन रोझसारख्या दिसतात आणि त्या सोंगामुळे पक्ष्यांपासून बचावतात. मग ओळखायचे कसे? धडाकडे पाहावे. कॉमन रोझचे धड तांबडे असते, मॉर्मनचे काळे. तेव्हा संपादकाने त्या मुलीला उत्तर लिहावे : 'धडाचा रंग पाहिला होतास का? अळ्या झाडावरच राहू देत. त्यांतून काय बाहेर पडते ते पाहून पुन्हा कळव.' ती नोंद पुढच्या अंकात येईल तेव्हा ती आधीपेक्षा कितीतरी मोलाची असेल. शिवाय त्या मुलीने निसर्गातील एक सोंग स्वतः उघडकीला आणलेले असेल.

नोंद परत पाठवणे हे संपादकाचे सर्वांत अवघड काम आहे, विशेषतः ती आपल्या मित्राची असेल तर. पण उद्धटपणे नाकारू नये. काय कमी आहे ते विचारावे. आणि छापलेली चूक नंतर कळली तर ती पुढच्या अंकात पहिल्या पानावर, स्पष्ट शब्दांत दुरुस्त करावी. कोपऱ्यात बारीक अक्षरांत नव्हे.

एका बाबतीत मात्र ठिकाण छापू नये. दुर्मीळ पक्ष्याचे घरटे, घोरपडीचे बीळ, रानातील ऑर्किडची जागा यांचा नेमका पत्ता छापला, तर तेथे पाहणाऱ्यांची आणि क्वचित चोरांचीही रीघ लागते. अशा वेळी अंकात फक्त तालुक्याचे नाव द्यावे आणि नेमकी जागा संपादकाच्या नोंदवहीत लिहून ठेवावी. तसेच अंडी, घरटी किंवा मारलेले प्राणी 'नमुना' म्हणून कोणाकडूनही स्वीकारू नयेत. वन्य जीवांना १९७२ च्या कायद्याने संरक्षण आहे.

कागदाचा हिशेब

आता व्यवहाराचे पाहू. ए-फोर आकाराचा एक कागद मध्ये दुमडला की चार पाने होतात. दोन कागदांची आठ. पहिल्या कागदाच्या बाहेरच्या बाजूस पान ८ आणि १ शेजारी येतात, आतल्या बाजूस २ आणि ७. दुसऱ्या कागदावर ६ व ३ आणि ४ व ५. प्रत्येक जोडीची बेरीज नऊ येते, हे लक्षात ठेवले की पाने उलटसुलट होत नाहीत. पन्नास प्रतींना शंभर कागद आणि झेरॉक्सच्या दोनशे बाजू लागतील. तुमच्या गावचा दर विचारा, गुणाकार करा, पन्नासने भागा. तीच एका प्रतीची किंमत. पैसे वर्षाचे आधी घ्यावेत आणि जमाखर्च शेवटच्या पानावर छापावा. पाच रुपयांची गफलतही मैत्री तोडते.

मुखपृष्ठ आणि संपादकाचे पान सोडले तर सहा पाने उरतात. सुवाच्य अक्षरात एका पानावर दीडशे शब्द धरा. म्हणजे नऊशे शब्द. ऐंशी शब्दांची एक नोंद, तर अकरा नोंदी. दरमहा अकरा चांगल्या नोंदी मिळणे कठीण आहे. मथळ्यात 'मासिक' हा शब्द मी सवयीने वापरला; खरे म्हणजे तुम्ही उन्हाळा, पावसाळा आणि हिवाळा असे वर्षाला तीनच अंक काढावेत. स्वयंसेवकांना परीक्षा असतात, सर्दी-पडसे असते, घरी लग्नकार्ये असतात. तीन अंक ठरवून तीनही वेळेवर काढणारे मासिक टिकते. बारा ठरवून चार काढणाऱ्याचा स्वतःवरचाही विश्वास उडतो.

शिक्षकांनी दोन गोष्टी अवश्य कराव्यात. दर वर्षी दहावीची मुले शाळा सोडतात. म्हणून नववीतील एक उपसंपादक वर्षभर संपादकाबरोबर कामाला लावावा. आणि प्रत्येक अंकाची एक प्रत शाळेच्या ग्रंथालयात, एक गावच्या वाचनालयात, दाखलपुस्तकात नोंद करून ठेवावी. पन्नास प्रतींपैकी अठ्ठेचाळीस हरवतील असे धरूनच चालावे.

आता संपादक म्हणून तुमची पहिली परीक्षा. खालील नोंद तुमच्याकडे आली आहे :

'परवा आमच्या तळ्यावर सैबेरियातून पुष्कळ बदके आली. त्यांत काही काळी व काही तपकिरी होती. ती दिवसभर पोहत होती.'

हिच्यात निदान पाच ठिकाणी थांबून विचारावे लागेल. लिहिणाऱ्याला पाठवायचे पत्र वहीत लिहा. पत्र लिहिण्यापूर्वी एवढे ध्यानात घ्या, की हळदी-कुंकू हे बदक बारा महिने आपल्याकडेच राहते, आणि काळाभोर वारकरी बदकासारखा पोहत असला तरी तो मुळी बदक नव्हेच.