सर्व्हर अडकला की मान वर कर

बुलडाणा

चि. गजानन यास मामाचे अनेक आशीर्वाद.

तुझ्या आईचा फोन आला होता. धामणगाव बढ्याचं तुझं सेवा केंद्र चांगलं चाललंय, पण संध्याकाळी डोळे चुरचुरतात, डोकं ठणकतं आणि तू मेडिकलमधून आपल्याच मनाने ड्रॉप आणून टाकतोस म्हणे. ते आधी थांबव. अशा काही ड्रॉपमध्ये स्टेरॉइड असतं. तेवढ्यापुरतं बरं वाटतं, पण महिनोन्‌महिने टाकलं तर काचबिंदू होऊ शकतो.

नोकरीभर लोकांचे डोळे तपासले, म्हणून सांगतो : संगणकाने डोळे जात नाहीत, थकतात. एरवी मिनिटाला साधारण 15 वेळा पापणी लवते, स्क्रीनपुढे हे प्रमाण निम्म्यावर येतं आणि डोळा कोरडा पडतो. त्यात तासन्‌तास जवळचंच पाहिल्याने आतला स्नायू आखडून राहतो.

डॉक्टर सांगतात, दर 20 मिनिटांनी 20 फुटांपलीकडे 20 सेकंद पाहा. पीकविम्याच्या दिवसांत रांग दाराबाहेर गेली की घड्याळ कोण बघणार? पण सर्व्हर रोज अडकतोच ना! तेव्हा स्क्रीनवरच्या फिरत्या गोलाकडे टक लावून बसू नकोस. अंगठा जुळेपर्यंत, ओटीपी येईपर्यंत, प्रिंट निघेपर्यंत मान वर कर, रस्त्यापलीकडे बघ, पापण्या दोन-चारदा पूर्ण मिट. तुझ्या धंद्यात विश्रांती अशीच मिळायची.

दाराकडे पाठ करून बसतोस, त्यामुळे उजेड स्क्रीनवर चमकतो. टेबल आडवं फिरव. स्क्रीन हातभर लांब आणि तिची वरची कड डोळ्यांच्या रेषेत किंवा जरा खाली असावी. कूलरचा झोत तोंडावर नको. सातबाऱ्यावरची बारीक अक्षरं पुढे वाकून वाचू नकोस, मोठी करून वाच.

‘ब्लू कट’ चष्म्यावर मात्र पैसे घालू नकोस. 2023 मध्ये कोक्रेन संस्थेने अनेक अभ्यास एकत्र तपासले. त्या काचांनी थकवा कमी होतो असं त्यांत दिसलं नाही. त्यापेक्षा नंबर तपासून घे. बारीकसा नंबर राहून गेला तरी दिवसभराच्या कामाने डोकं दुखतं. आणि डोळा अचानक लाल होऊन दुखू लागला किंवा अंधुक दिसलं, तर केंद्र बंद करून त्याच दिवशी डॉक्टर गाठ.

येत्या रविवारी इकडे ये, डोळे तपासून घेऊ. ड्रॉपची बाटली फेकू नकोस, बरोबर आण. डॉक्टरांना ती दाखवायची आहे.

तुझा,
मामा