लॅपटॉप : गरज कोणती आणि केव्हा?

वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याला घरून एक प्रश्न हमखास विचारला जातो, "लॅपटॉप लागेल का रे?" बडोद्याच्या दांडिया बाजारातील आमच्या घरीही तो निघाला. बाबांच्या आवर्ती ठेवीचे चाळीस हजार रुपये हाती येणार होते आणि धाकट्या बहिणीची बारावीची शिकवणीही त्याच पैशांतून व्हायची होती. "सगळ्यांकडे आहे" हे उत्तर मला देववेना. शिकलेली विद्या वापरून पाहावी म्हटले.

कंपनी कायदा, 2013 च्या दुसऱ्या परिशिष्टात लॅपटॉपचे उपयुक्त आयुष्य 3 वर्षे धरले आहे. प्राप्तिकराच्या 1962 च्या नियमांत संगणकाच्या घसाऱ्याचा दर 2017 साली 60 वरून 40 टक्क्यांवर आणला गेला. तोच दर ऱ्हासमान शेष पद्धतीने लावला, तर 40,000 रुपयांच्या यंत्राचे पुस्तकी मूल्य पहिल्या वर्षाअखेर 24,000, दुसऱ्या वर्षाअखेर 14,400 आणि तिसऱ्या वर्षाअखेर 8,640 उरते. म्हणजे पहिल्या वर्षी हौसेने घेतलेला लॅपटॉप, तिसऱ्या वर्षी प्रकल्पासाठी खरा लागेल तेव्हा निम्म्याहून अधिक झिजलेला असतो. प्रश्न "हवा की नको" एवढाच नसून "केव्हा" हाही आहे, हे मला येथे उमगले.

मग महिनाभर एका वहीत नोंद ठेवली. कोणते काम, किती वेळ, मोबाईलवर झाले की नाही? व्याख्यानांची टिपणे, वाचन, स्वयम्‌वरील पाठ हे सारे मोबाईलवर निभावले. परीक्षा तर आपण अजून हातानेच लिहितो! संगणकावाचून अडले ते फक्त अकरा तास, टॅली आणि लांबलचक कोष्टके यांसाठी. त्यांतले नऊ तास प्रयोगशाळेत भागले. उरलेले दोन मात्र महागात पडले. मोबाईलवर केलेला ताळेबंद छपाईच्या दुकानात उघडला, तर जमेच्या रकमा नावे बाजूला सरकलेल्या. सारे पुन्हा करण्यात दिवस गेला आणि उशिराबद्दल दोन गुणही गेले.

गुजरात सरकारने 2017 साली महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना 1,000 रुपयांत टॅब्लेट देण्याची योजना काढली होती. वाचनाला ते साधन उत्तम, पण त्यावर टॅली शिकता येत नाही.

सयाजीराव महाराजांनी 1910 मध्ये विल्यम बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालाला बडोद्यात आणून सार्वजनिक ग्रंथालयांचे जाळे उभारले. पेट्यांतून पुस्तके खेड्यापाड्यांत जात. प्रत्येकाने पुस्तक विकत घ्यावे अशी अट त्यात नव्हती. संगणकाचेही तसेच व्हावे, असे मी वर्गात मोठ्या ऐटीत बोललो. त्यावर पादऱ्याहून ये-जा करणारी एक वर्गमैत्रीण म्हणाली, "तुझी प्रयोगशाळा तुझ्या घरापासून दहा मिनिटांवर आहे. माझी बस साडेपाचला सुटते." तिचे म्हणणे खोडता आले नाही. तिच्या वहीत ते नऊ तास जमेला धरताच येणार नाहीत. तिला लॅपटॉप आजच हवा, आणि तो मिळेपर्यंत प्रयोगशाळा दुपारच्या सुट्टीत तरी उघडी असावी.

बाबांना वही दाखवली. त्यांनी बेरीज दोनदा तपासली आणि पैसे शिकवणीला दिले. लॅपटॉपचा विषय तिसऱ्या वर्षाच्या आरंभी पुन्हा काढायचा, आणि जुना मिळाला तर आधी बॅटरी पाहायची, असे ठरले आहे.