आजीसोबत मेथीची कुंडी : मुलांना काय शिकवाल?

ताईंनो, आपण कामावर गेलो की घरातली म्हातारी माणसं दिवसभर एकटीच बसतात. जन्मभर शेतात राबलेले हात रिकामे राहिले की मन खचतं. अशा वेळी बागकामाने उभारी येते. शाळेतल्या मुला-मुलींना एवढं शिकवा :

१. मेथी लावा. रात्री भिजवलेले दाणे ३-४ दिवसांत उगवतात, महिनाभरात भाजी निघते.

२. कुंडी स्टुलावर ठेवा, म्हणजे वाकावं लागत नाही. वेळ सकाळच्या कोवळ्या उन्हाची.

३. आधी विचारा, "आजी, दाणे किती खोल टाकू?" सांगता सांगता आजी बोलती होते.

४. हात थरथरला, दाणे सांडले तरी काम हातातून ओढून घेऊ नका.

५. विसर पडत असेल तर एका वेळी एकच काम सांगा. "काल काय केलं, आठवतं का?" अशी परीक्षा घेऊ नका.

६. हाताला जखम असेल तर मातीकाम नको. धनुर्वाताचा धोका असतो.

डॉक्टरांची औषधं मात्र चालूच ठेवायची. पुढच्या बैठकीत सांगा, कोणाच्या घरी मेथी उगवली आणि कोण बोलायला लागलं!