आतड्याच्या कर्करोगावर नेमकं काय वाचावं?

प्रश्न : मी जनरल सर्जरीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. पुढे हिंगोली जिल्ह्यातच काम करायचं आहे. मोठ्या आतड्याच्या आणि गुदाशयाच्या कर्करोगावर सतत नवे निबंध येतात. जुने कालबाह्य झाले म्हणतात. एवढं वाचायचं कधी? – एक वाचक, वसमत

उत्तर : सगळं वाचायची गरज नाही आणि जुनं कालबाह्यही झालेलं नाही. सुरुवात हील्ड यांच्या १९८२च्या निबंधापासून करा. गुदाशयाभोवतीचं मेसोरेक्टम अखंड काढणं का महत्त्वाचं, हे त्यात कळेल. मग २००१ची डच चाचणी वाचा. अशा शस्त्रक्रियेआधी पाच दिवस किरणोपचार दिल्यावर दोन वर्षांत त्याच जागी गाठ परतण्याचं प्रमाण ८.२वरून २.४ टक्क्यांवर आलं. केमो-किरणोपचार शस्त्रक्रियेआधी का द्यायचे, हे २००४ची जर्मन चाचणी सांगते. कोलनच्या दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेसाठी त्याच वर्षीची 'कॉस्ट' चाचणी पाहा.

एक सावधगिरी बाळगा. नव्या निबंधाचा पहिला निष्कर्ष अंतिम मानू नका. गुदाशयाच्या कर्करोगात केमोही शस्त्रक्रियेआधीच देणाऱ्या 'रॅपिडो' चाचणीचे पाच वर्षांचे आकडे आल्यावर या नव्या पद्धतीत त्याच जागी गाठ परतण्याचं प्रमाण जास्त दिसलं.

रोजच्या निर्णयासाठी नॅशनल कॅन्सर ग्रिडची मार्गदर्शक तत्त्वं मोफत मिळतात, ती हाताशी ठेवा. गुदाशयाची गाठ असेल तर आधी एमआरआय करा आणि कर्करोग केंद्राशी चर्चा करूनच उपचार ठरवा. शौचातून रक्त जाणाऱ्या रुग्णाला मूळव्याधीचं औषध देण्याआधी बोटाने गुदतपासणी कराच. आठवड्याला एक निबंध नीट वाचलात, तरी पाया पक्का होईल.